छोटं विमान किंवा हेलिकॉप्टर का पडतं? अपघात उलटा वाचण्याची पद्धत

छोटं विमान किंवा हेलिकॉप्टर पडलं की तासाभरात बातम्यांमध्ये ‘तांत्रिक बिघाड’ हे दोन शब्द हमखास ऐकू येतात. त्या वेळी अवशेषांपर्यंत कुणी पोचलेलंही नसतं. वर्षा-दीड वर्षाने अंतिम अहवाल येतो आणि त्यात बऱ्याचदा यंत्र ठीकठाक चालू होतं असं लिहिलेलं असतं. तोवर बातमी विसरली गेलेली असते आणि लोकांच्या मनात बिघाड तेवढा राहतो.

यात मोठं नुकसान आहे असं मला मनापासून वाटतं. या अपघातांच्या वाटा मोजक्या आहेत, आणि माणसं पुन्हा पुन्हा त्याच वाटांनी जातात. त्या वाटा ओळखायला पायलट असावं लागत नाही. थोडा धीर आणि वाचण्याची एक पद्धत पुरते. मी वापरतो ती पद्धत अशी: अपघात शेवटच्या क्षणापासून मागे मागे वाचत जायचा आणि ‘इथून अजून परत फिरता आलं असतं’ अशी शेवटची जागा शोधायची. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. छोटं म्हणजे इथे एक-दोन इंजिनांची, दोनपासून दहा-बारा माणसांपर्यंत नेणारी विमानं आणि साधारण त्याच मापाची हेलिकॉप्टरं.

पायरी १: हातातला कागद कोणता ते आधी बघा

विमान अपघातांचा तपास कसा करायचा याचे जागतिक नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, परिशिष्ट १३ मध्ये आहेत. ते पहिल्यांदा १९५१ साली स्वीकारलं गेलं. त्यानुसार प्राथमिक अहवाल ३० दिवसांत यायला हवा आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत. उशीर झालाच तर दर वर्षी अपघाताच्या तारखेला तपास कुठवर आला ते जाहीर करायचं असतं. तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे. दोष कुणाचा हे ठरवणं त्याच्या कक्षेत येत नाही, ते न्यायालयाचं काम.

प्राथमिक अहवालात फक्त नोंदी असतात: वेळ, हवामान, मार्ग, अवशेष कसे पडले होते, कोणते भाग सापडले. ‘इंजिनमध्ये दोष आढळला नाही’ हे वाक्य त्यात नसलं म्हणजे दोष होता असा अर्थ होत नाही. अंतिम अहवाल मिळाला तर निष्कर्षाच्या पानावर उडी मारू नका. आधी नोंदींचा भाग वाचा, मग विश्लेषण आणि सर्वांत शेवटी निष्कर्ष. निष्कर्ष आधी वाचला की नोंदींमध्ये आपल्याला तेवढंच दिसायला लागतं.

प्रत्यक्षदर्शींचं बोलणं जपून घ्या. ‘हवेतच पेट घेतला होता’ असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. धडकेनंतर उसळलेली आग डोळ्यांसमोर इतकी ठळक उरते की आठवणीत ती आधी सरकते. ‘इंजिन अडखळत होतं’ हेही तसंच. विमान तीव्र वळणात असलं, जवळ येऊन दूर जात असलं, की चांगल्या इंजिनाचा आवाजही चढतो-उतरतो.

ब्लॅक बॉक्सची वाट बघू नका, कारण छोट्या विमानात तो बहुधा नसतोच. मग तपास करणारे काय बघतात? पंख्याची पाती बघतात. इंजिन जोरात चालू असताना पंखा जमिनीला भिडला तर पाती पीळ पडल्यासारखी वळतात आणि त्यांच्या रुंदीवर आडवे ओरखडे उठतात. इंजिन बंद असेल तर एखादंच पातं मागे मुडपतं, बाकीची जवळजवळ सरळ राहतात. इशाऱ्याच्या दिव्यातली तार भिंगाखाली बघतात: धक्क्याच्या क्षणी दिवा पेटलेला असेल तर तापलेली तार ताणून लांबलेली सापडते, विझलेला असेल तर ती कोरडी तुटते. जायरोची, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या उपकरणातली, चकती फिरत असताना आपटली असेल तर तिच्या डबीच्या आतून गोल ओरखडे मिळतात. त्यात रडारच्या नोंदी, जीपीएस, टॅबलेट आणि प्रवाशांचे मोबाइल यांची भर पडते. अहवालातली ही पानं रूक्ष वाटतात, पण खरा पुरावा तिथेच असतो.

पायरी २: उड्डाणाच्या कोणत्या टप्प्यावर घडलं?

उतरताना होणारे अपघात भरपूर असतात, पण त्यात माणसं बहुतेक वेळा वाचतात: चाक मोडतं, विमान धावपट्टीवरून घसरतं, पंख घासतो. जीव जातात ते प्रामुख्याने हवेत ताबा सुटल्यामुळे, आणि तेही जमिनीपासून फार वर नसताना.

याचं मूळ स्टॉलमध्ये आहे. पंख समोरून येणाऱ्या हवेला एका मर्यादेपलीकडे, साधारण १५ अंशांच्या वर, उचलून धरला की त्याच्यावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि विमान उचलून धरणारं बल कोसळतं. इंजिनाशी याचा संबंध नाही, पूर्ण ताकदीने चाललेल्या इंजिनासकट विमान स्टॉल होतं. वळणात हा धोका वाढतो. उंची राखत ४५ अंश कलून वळलं तर स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. म्हणजे सरळ उडताना ५० नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) स्टॉल होणारं विमान ६० अंशांच्या वळणात ७० नॉटलाच स्टॉल होईल.

आता धावपट्टीकडे येणारं शेवटचं वळण डोळ्यांसमोर आणा. मागून वारा आहे, त्यामुळे विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे वाहवत चाललंय. पायलटला ते दिसतं. जास्त कलायची भीती वाटते म्हणून तो आतल्या बाजूचं पेडल दाबून नाक फिरवायला बघतो. नाक खाली जायला लागतं, तो स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करणारा दांडा, मागे ओढतो. वेग उतरत असतो. आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्या बाजूला उलटून गिरकी घेतं. हे ४००-५०० फुटांवर घडतं आणि सावरायला त्याहून जास्त उंची लागते. यातली प्रत्येक हालचाल त्या क्षणी पायलटला बरोबर वाटत असते. सुटका खरं तर सोपी असते: वळण सोडायचं, पूर्ण ताकद द्यायची, वर जाऊन पुन्हा फेरी मारायची. अहवालात ही फेरी कधी मारता आली असती ते शोधा.

उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं तर मागे वळून धावपट्टी गाठायचा मोह असाच घात करतो. म्हणून शिकवताना सांगतात की समोर जी बरी जागा दिसेल तिथेच, ताब्यात असलेलं विमान घेऊन उतरा. विमान मोडलं तरी चालेल.

पायरी ३: आकाश काय म्हणत होतं?

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. यंत्र धड, पायलट अनुभवी आणि तरी सगळे गेले अशा अपघातांत उत्तर बहुतेक इथेच मिळतं.

छोटी विमानं आणि हेलिकॉप्टरं बरीचशी डोळ्यांनी बाहेर बघून उडवली जातात, क्षितिज बघून, रस्ते-नद्या बघून. असा पायलट ढगात किंवा दाट धुक्यात शिरला की क्षितिज जातं, आणि मग शरीर खोटं सांगायला लागतं. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव आपल्याला वळण जाणवून देतो. पण वळण एकसारखं चालू राहिलं की १०-२० सेकंदांत तो द्रव नळीच्या वेगाला येतो आणि वळत असल्याची जाणीव बंद होते. विमान डावीकडे कललेलं असतं आणि पायलटला ते सरळ वाटतं. त्याने ते खरोखर सरळ केलं की उजवीकडे कलल्यासारखं वाटतं, म्हणून तो पुन्हा डावीकडे नेतो. कललेलं विमान उंची गमावतं. उंची कमी होताना दिसली की तो स्टिक ओढतो, त्याने वळण आणखी घट्ट होतं आणि विमान चक्राकार खाली जायला लागतं. यालाच दिशाभ्रम म्हणतात. धाडस किंवा हुशारी इथे कामी येत नाही. उपकरणांवर नजर ठेवून उडण्याचं शिक्षण आणि ताजा सराव, दोन्ही लागतात.

१९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना शिक्षक शेजारी बसवून बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान उडवायला दिलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सर्वांत लवकर २० सेकंदांत, सर्वांत उशिरा ४८० सेकंदांत, सरासरी १७८ सेकंद. हा आकडा वैमानिकांमध्ये प्रसिद्ध आहे. दुसरा भाग कमी सांगितला जातो: त्याच लोकांना नंतर मोजक्या उपकरणांवर लक्ष ठेवून हळूहळू १८० अंश वळून मागे यायचं शिकवलं आणि ते जवळपास सगळ्यांना जमलं. परत फिरणं शिकता येतं, हा त्या प्रयोगाचा खरा शोध आहे.

१६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचं पायपर साराटोगा विमान मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात पडलं. हवेत धूसरपणा, खाली अंधारा समुद्र, क्षितिज दिसण्याची सोय नाही. ते स्वतः विमान चालवत होते आणि त्यांना उपकरणांवर उडण्याचा परवाना मिळालेला नव्हता. एनटीएसबी या अमेरिकी तपास यंत्रणेने कारण दिलं दिशाभ्रमाचं, आणि विमानात दोष सापडला नाही. ढग नव्हता, पाऊस नव्हता, वादळ नव्हतं, हे लक्षात घ्या. ‘हवामान खराब’ म्हणजे विजा कडाडणं असं आपण समजतो. छोट्या विमानाला नुसतं धुरकट आकाश आणि अंधार पुरतो.

डोंगरात हे आणखी अवघड होतं. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांना नेणारं एमआय-१७व्ही५ हेलिकॉप्टर पडलं. ते छोटं नव्हतं आणि चालक दलही कच्चं नव्हतं. चौकशी समितीने बिघाड, घातपात आणि निष्काळजीपणा या तिन्ही शक्यता बाजूला काढल्या. दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि दिशाभ्रमातून जमिनीवर आदळलं, असा तिचा निष्कर्ष होता. दरीत ढग खालून वर चढतात आणि मागची वाटही बंद करतात. म्हणून डोंगरी उड्डाणाचा अहवाल वाचताना नुसतं मुक्कामाच्या ठिकाणचं हवामान बघू नका. वाटेतल्या खिंडीचं बघा.

हवामानाच्या आणखी तीन गोष्टी, थोडक्यात. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनात हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात, बर्फ साचायला कडाक्याची थंडी लागत नाही. दमट हवेत २० अंश सेल्सिअसलाही तो साचतो, कारण आत तापमान खूप खाली जातं. पुढे तो वितळून जातो आणि तपासात काहीच सापडत नाही. पंखांवर साचलेला बर्फ पंखाचा आकारच बिघडवतो, वजनाचा प्रश्न त्यानंतरचा. आणि उंचावरच्या, तापलेल्या हवेत पंख, पंखा आणि इंजिन तिन्ही कमी ताकद देतात. सकाळी सहज उडालेलं विमान त्याच धावपट्टीवरून दुपारी झाडं ओलांडू शकत नाही.

पायरी ४: हेलिकॉप्टर असेल तर हे वेगळं तपासा

इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं, हा समज चुकीचा आहे. पायलटने कलेक्टिव्ह नावाचा दांडा लगेच खाली केला तर पडताना खालून येणारी हवा रोटर, म्हणजे डोक्यावरची फिरणारी पाती, फिरवत ठेवते आणि त्या फिरण्यातली ताकद शेवटी उतरताना वापरता येते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. अट एकच, रोटरचा वेग टिकला पाहिजे. हलक्या हेलिकॉप्टरमध्ये त्यासाठी हातात जेमतेम एक-दोन सेकंद असतात. शिवाय पुरेशी उंची किंवा पुरेसा वेग, दोन्हीपैकी काहीतरी शिल्लक लागतं. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत उंची आणि वेगाचा एक आलेख असतो आणि त्यातल्या विशिष्ट पट्ट्यात इंजिन गेलं तर सुखरूप उतरणं जवळपास अशक्य असतं. चित्रीकरणासाठी, पाहणीसाठी, दोरीने सामान उचलण्यासाठी ३०० फुटांवर एका जागी थांबलेलं हेलिकॉप्टर नेमकं त्या पट्ट्यात असतं. एवढ्या कमी उंचीवर थांबण्याची गरज काय होती, हा प्रश्न अहवालाला विचारा.

दुसरा सापळा स्वतःच्याच हवेत बुडण्याचा. पुढे जाण्याचा वेग फार कमी, इंजिनाची ताकद चालू आणि खाली येण्याचा वेग मिनिटाला साधारण ३०० फुटांहून जास्त, असं झालं की रोटर स्वतः खाली ढकललेल्या हवेतच सापडतो. आता ताकद वाढवली तर हेलिकॉप्टर आणखी वेगाने खाली जातं. मागून वारा असताना उतरायला येणं हे याचं नेहमीचं निमित्त. बाहेर पडायचं तर नाक खाली करून वेग पकडायचा आणि ताकद कमी करायची. जमीन धावून येत असताना हे हाताला पटत नाही, म्हणून आधी घोटून सराव करावा लागतो.

दोन पात्यांच्या हलक्या हेलिकॉप्टरांत आणखी एक प्रकार आहे. वर चढताना पायलटने सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टर पुढे-मागे कलवणारा दांडा, एकदम पुढे ढकलला तर क्षणभर सगळं हलकं वाटतं, रोटरवरचा भार जातो, हेलिकॉप्टर एका बाजूला कलतं आणि ते सावरायच्या घाईत रोटरचा मध्यभाग त्याला फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर आदळतो. दांडा तुटू शकतो किंवा पातं शेपटीला कापू शकतं. रॉबिन्सन आर२२ आणि आर४४ साठी अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, १९९५ साली यामुळेच खास प्रशिक्षणाचा नियम आणला.

तारा हा हेलिकॉप्टरचा जुना वैरी. वरून तार दिसत नाही, खांब दिसतात, म्हणून अनुभवी पायलट खांब शोधतात आणि खांबाच्या डोक्यावरूनच ओलांडतात. पुष्कळदा धडकलेली तार पायलटला आधीपासून माहीत असलेली असते. दिवसभराच्या फवारणीत किंवा पाहणीत एका फेरीला ती डोक्यातून निसटते.

खरोखरचा तांत्रिक बिघाड कसा असतो हेही बघून ठेवा. २७ ऑक्टोबर २०१८ ला इंग्लंडमधल्या लेस्टर सिटी फुटबॉल क्लबचे मालक विचाई श्रीवधनप्रभा यांचं एडब्ल्यू१६९ हेलिकॉप्टर मैदानातून उडालं, काही शे फुटांवर पोचलं आणि उजवीकडे गरगरत खाली आलं. आतले पाचही जण गेले. ब्रिटनच्या एएआयबी या तपास यंत्रणेने शेपटीच्या रोटरमधलं एक बेअरिंग अडकल्याचं शोधलं. त्यामुळे पेडलची हालचाल रोटरपर्यंत नेणारा दांडा फिरायला लागला, सुटला आणि पायलटच्या पायाखालच्या पेडलचा शेपटीशी संबंध तुटला. त्याच्या हातात काही उरलंच नव्हतं. बिघाड असेल तर अहवाल असा नेमका बोलतो: कोणता भाग, तो कसा झिजला, त्यापुढे काय तुटलं. त्यानंतर अशा हेलिकॉप्टरांवर त्या भागाची तपासणी बंधनकारक झाली. भागाचं नाव न घेता कुणी ‘बिघाड’ म्हणत असेल तर थांबा.

पायरी ५: टाकी, वजन आणि केबिनमधली हवा

इंधन संपून विमान पडतं हे ऐकून विश्वास बसत नाही, पण हे कारण तपास यंत्रणांच्या ओळखीचं आहे. आणि टाकीत इंधन असूनही इंजिन उपाशी राहू शकतं. २९ नोव्हेंबर २०१३ ला ग्लासगोत पोलिसांचं ईसी१३५ हेलिकॉप्टर एका गजबजलेल्या बारच्या छपरावर पडलं आणि १० जण गेले, त्यातले सात खालचे. मुख्य टाकीत इंधन होतं. ते इंजिनांकडच्या छोट्या टाक्यांत पोचवणाऱ्या पंपांची बटणं बंद होती. इंधन कमी असल्याचे इशारे वाजले होते आणि त्यांची पोचही दिली गेली होती. आधी एक इंजिन थांबलं, मग काही सेकंदांत दुसरं.

पिस्टन इंजिनाच्या टाकीत जेटचं इंधन भरलं गेलं तर नळीतल्या उरलेल्या चांगल्या इंधनावर विमान धावपट्टी सोडतं आणि नेमकं वर गेल्यावर इंजिन गळपटतं. म्हणून भरताना पायलटने स्वतः उभं राहायचं आणि तळातून नमुना काढून रंग, वास आणि पाणी बघायचं.

वजनात दोन प्रश्न असतात, किती आणि कुठे. २५ ऑगस्ट २००१ ला बहामात अमेरिकी गायिका आलिया आणि तिच्या सहकाऱ्यांना नेणारं सेसना ४०२ उडताच पडलं, नऊच्या नऊ जण गेले. विमानात मर्यादेपेक्षा जास्त वजन होतं आणि भाराचा मध्य मागच्या मर्यादेच्याही मागे होता. मागे जड झालेल्या विमानाचं नाक वर जातं आणि ते खाली दाबायला शेपटीची ताकद पुरत नाही.

केबिनमधल्या हवेबद्दल बहुतेकांना कल्पना नसते. २१ जानेवारी २०१९ ला फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना नेणारं पायपर मालिबू विमान इंग्लिश खाडीत पडलं. साला यांच्या रक्तातलं ५८ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने व्यापलेलं निघालं, म्हणजे एक्झॉस्टचा वायू केबिनमध्ये येत होता. पायलटकडे पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना नव्हता, रात्री उडण्याची पात्रता नव्हती. या वायूला वास नसतो. त्याचा इशारा देणारं छोटं यंत्र केबिनमध्ये सहज बसतं.

पायरी ६: ‘पुढे जाऊया’ कुणी म्हटलं, की कुणीच नाही?

आता एक अपघात सगळा उलटा वाचू. २६ जानेवारी २०२०, कॅलिफोर्नियात कॅलाबासासजवळ सिकोर्स्की एस-७६बी हेलिकॉप्टर टेकडीवर आदळलं. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्यांची मुलगी आणि इतर सात जण गेले.

शेवटचा क्षण: हेलिकॉप्टर डाव्या वळणात, मिनिटाला ४,००० फुटांहून जास्त वेगाने खाली येतंय. पायलट मात्र नियंत्रकाला आपण ४,००० फुटांकडे चढतोय असं सांगतोय. हा दिशाभ्रम, पायरी ३ मध्ये पाहिलेला. त्याच्या थोडं मागे: खाली महामार्ग आणि टेकड्या, वर ढग, आणि पायलट ढगातून वर निघायचं ठरवतो. ढगात शिरल्यावरची ठरलेली रीत म्हणजे वेग कमी करा, ऑटोपायलट लावा, वळू नका, संकट जाहीर करा. तसं झालं नाही. आणखी मागे: वाटेत व्हॅन नाइस विमानतळ होता, तिथे उतरता आलं असतं. त्याच्याही मागे: निघण्यापूर्वी धोका मोजण्याचा फॉर्म नव्या हवामानानुसार पुन्हा भरायला हवा होता, तो भरला गेला नाही. भरला असता तर पर्यायी बेत आखावा लागला असता.

कंपनीने किंवा गिऱ्हाइकाने पायलटवर दबाव टाकल्याचा पुरावा एनटीएसबीला सापडला नाही. दबाव त्याने स्वतःवर घेतलेला असण्याची शक्यता तिने नोंदवली आणि मुक्काम जवळ येईल तसा ठरलेला बेत सोडवत नाही, हेही. कंपनीची सुरक्षेवरची देखरेख कमी पडली हे त्याच निष्कर्षात आहे. म्हणून ‘पायलटची चूक’ या शब्दांवर वाचन थांबवू नका. एकट्या पायलटला ‘नाही’ म्हणायला सोपं जावं यासाठी आजूबाजूला काय होतं ते विचारा: दुसरा पायलट, कागदावर लिहिलेली हवामानाची किमान मर्यादा, फोनवर नकाराला पाठिंबा देणारं कुणी.

व्हॅन नाइसजवळचं ते ठिकाण म्हणजे मी सुरुवातीला म्हटलेली शेवटची जागा. प्रत्येक अहवालात तिच्यावर पेन्सिलने खूण करा. दहा-पंधरा अहवालांनंतर ती जागा मुक्कामापासून किती आधी येते हे तुमच्या नजरेला दिसायला लागेल.

पायरी ७: हेच तुमच्या आसनाला लावा

कधी छोट्या विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये बसायची वेळ आली तर निघण्याआधी विचारा: पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना आहे का? पायलट एक की दोन? उपकरणांवर उडण्याची परवानगी पायलटला आहे आणि कंपनीलाही आहे का? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅलाबासासच्या पायलटला ती होती, कंपनीला नव्हती. वाटेत ढग आले तर कुठे उतरणार? शेवटच्या प्रश्नाला एका जागेचं नाव मिळालं पाहिजे. ‘बघू’ हे उत्तर नव्हे.

वजन विचारलं तर कपडे, बूट, बॅग धरून खरं सांगा. सांगितलेल्या आसनावरच बसा, मैत्रिणीशेजारी बसायला जागा बदलू नका.

हेलिकॉप्टरकडे पायलटला दिसाल अशा बाजूने, त्याने खूण केल्यावरच जा. शेपटीकडे कधीही नाही. फिरणारा शेपटीचा रोटर दिसत नाही. जमीन उताराची असेल तर उतरत्या बाजूने या-जा, कारण चढाच्या बाजूला रोटर आणि जमिनीतलं अंतर कमी असतं. टोपी हातात घ्या, काठी किंवा छत्री आडवी धरा. पट्टा खांद्यावरचा असेल तर तोही लावा, आणि तो कसा सुटतो ते डोळे मिटून एकदा करून बघा.

पाण्यावरून उड्डाण असेल तर लक्षात ठेवा, हेलिकॉप्टर पाण्यात पडलं की बहुधा उलटं होतं, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स वर असतात. एक हात दाराच्या कडेवर ठेवा, हालचाल थांबेपर्यंत धीर धरा, मग पट्टा सोडा आणि हात ठेवलेल्या दिशेने बाहेर पडा. लाइफ जॅकेट बाहेर आल्यावरच फुगवा. आत फुगवलेलं जॅकेट तुम्हाला वर दाबून ठेवेल आणि दार खाली राहील. संकटात आपोआप संदेश पाठवणारं उपकरण ४०६ मेगाहर्ट्झचं आहे ना, तेही विचारा, जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झचे संदेश उपग्रह २००९ पासून ऐकत नाहीत.

आणि निघण्याच्या आदल्या दिवशी दुसरी सोय करून ठेवा: गाडी, रेल्वे किंवा एक जास्तीचा दिवस. ती केली आहे हे पायलटला बसण्यापूर्वी, इतर प्रवाशांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगा: “मध्येच परत फिरलात किंवा वाटेत उतरवलंत तरी आमचं काही अडणार नाही.”